ती एक गोष्ट होती ना, त्यात…

मराठी घरात खुनाची आणि भुताची जागा ठरलेली असे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ज्ञानेश्वरी, 'ययाति', कुणाच्या तरी मुंजीत आलेले विवेकानंद आणि 'सत्यकथे'चे बांधीव अंक. खून गादीखाली. भुतं माळ्यावर, पितळी घंगाळ आणि मोडका पाळणा यांच्या मधल्या सांदीत. पाहुणे यायचे, कपाटाकडे बघून "वा, वाचन दांडगं दिसतंय" म्हणायचे आणि मुक्काम पडलाच तर रात्री दबक्या आवाजात विचारायचे, "झोपायच्या आधी चाळायला काही हलकंफुलकं आहे का हो?" यजमान काही न बोलता गादीचा कोपरा उचलायचे. कपाटाची किल्ली हरवलेली असायची, आणि ती हरवलीय हे घरात कळायला पाच-सात वर्षं सहज लागायची.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. कपाटातलं सगळं टिकलं आणि गादीखालचं सगळं संपलं. 'सत्यकथा' १९३३ मध्ये निघाली आणि १९८२ मध्ये बंद पडली. तिचे अंक आजही असे मिळतात की वाटावं, आत्ताच पोस्टमन टाकून गेला. 'नवल'चा किंवा 'धनंजय'चा जुना दिवाळी अंक मात्र सापडलाच तर मुखपृष्ठाशिवाय, पहिल्या सोळा पानांशिवाय आणि मधे कुणाच्या तरी दुधाच्या हिशेबासकट सापडतो. वाचून वाचून संपवलेलं साहित्य हा आपल्याकडे दुर्मिळ प्रकार आहे. समीक्षकांनी त्याची दखल घेतली नाही, कारण त्यांचेही अंक गादीखालीच होते.

अंक संपले, पण गोष्टी संपल्या नाहीत. साठीकडे झुकलेली तीन-चार मराठी माणसं, बाहेर पाऊस आणि गेलेले दिवे, एवढं जमून आलं की कुणीतरी घसा खाकरतंच.

"ती एक गोष्ट होती ना, त्यात त्या बाईला रोज रात्री वरच्या मजल्यावर कुणीतरी पाट्यावर वाटतंय असं ऐकू येतं…"

"आणि वर मजलाच नसतो!"

"नाही हो. मजला असतो. पाटा नसतो."

"मुळात ती बाईच नसते," कोपऱ्यातले काका सांगतात, आणि दिवे येईपर्यंत वाद मिटत नाही. गोष्टीचं नाव कुणालाही आठवत नाही. कुठे वाचली तेही नाही. "कुठल्यातरी दिवाळी अंकात" एवढाच संदर्भ, आणि त्यावर विद्यापीठात पीएच.डी. मिळत नाही.

लेखक कोण, यावर मात्र कुणाचं अडत नाही. त्यासाठी मराठी माणसानं एक सोयीची वाटणी करून ठेवली आहे. अमावास्या, पडका वाडा आणि तळघर असेल तर गोष्ट नारायण धारपांची. भूत फ्लॅटमध्ये राहत असेल आणि सोसायटीची वर्गणी वेळेवर भरत असेल तर रत्नाकर मतकरींची. खून झाला आणि काळी मोटार सुसाट निघून गेली तर बाबूराव अर्नाळकरांची. अंतराळयान दिसलं तर नारळीकरांचं, आणि ते फुरसुंगीच्या आसपास घिरट्या घालत असेल तर भा. रा. भागवतांचं. उरलेल्या लेखकांनी आयुष्यभर लिहिलेलं सगळं या पाच जणांच्या नावावर जमा आहे. वारसाहक्काच्या एवढ्या कथा लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हे घडावं, हे पुन्हा कथेसारखंच झालं.

मतकरींच्या वाट्याला फ्लॅट आला यात मात्र नवल नाही. १९७८ पर्यंत ते बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. विज्ञानकथा लिहिणारे लक्ष्मण लोंढेही बँकेतलेच. धारप रसायनशास्त्रातले पदवीधर. माणसाला नेमकी कशाची भीती वाटते हे मराठीत ज्यांना कळलं, ते एक तर प्रयोगशाळेतून आले किंवा काउंटरच्या पलीकडून.

तर अशी एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती शोधायची खाज सुटते. पुण्याचा जुना बाजार, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचा पदपथ आणि गावोगावचे रद्दीवाले ही या पंथाची तीर्थक्षेत्रं. पूर्वी इथे खून किलोवर मिळायचे. आता नगावर मिळतात, कारण कुणीतरी या लोकांना 'दुर्मिळ' हा शब्द शिकवून गेलंय. पुण्यातल्या एका विक्रेत्याला मी विचारलं, "धारप आहेत का?"

"कुठले? समर्थवाले की बिगरसमर्थवाले?"

ज्ञानाची ही पातळी मी विद्यापीठाच्या मराठी विभागातही पाहिलेली नाही. धारपांच्या कथांत 'समर्थ' नावाचे एक गृहस्थ येतात आणि अमानवी शक्तींचा बंदोबस्त करून जातात. म्हणजे वाचकांचे सरळ दोन तट: शेवटी कुणीतरी सोडवायला येतं हे आवडणारे आणि येऊ नये असं वाटणारे. मी दुसऱ्या तटातला. तेवढ्यावरून त्यानं माझी किंमत ठरवली आणि अंकांची वाढवली.

"सुट्टे नाही देणार. गठ्ठा घ्या."

गठ्ठ्यात 'नवल'चे दोन अंक, एक पाककृती विशेषांक, एक जुनं पंचांग आणि कुठल्याशा सहकारी पतपेढीचा वार्षिक अहवाल होता. "हा कशाला?" मी अहवाल बाजूला काढत विचारलं.

"राहू द्या साहेब. त्यातही शेवटी पैसे कुठे गेले ते कळत नाही."

आता थोडा इतिहास, कारण दिवाळी अंकावर लिहायचं आणि १९०९ म्हणायचं नाही, हे मराठीत चालत नाही. त्या वर्षी काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. मित्र म्हणजे बंगाली नव्हेत. मूळ आडनाव आजगावकर. बंगाली साहित्यावर इतका जीव जडला की त्यांनी आडनावच बदललं. हल्ली लोक प्रेमापायी फार तर डीपी बदलतात. पुढे अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये 'हंस' सुरू केला, त्यापाठोपाठ 'मोहिनी' आणि 'नवल'. 'हंस' वाङ्मयासाठी, 'मोहिनी' हसण्यासाठी आणि 'नवल' अंगावर काटा येण्यासाठी. एकाच संपादकाच्या हाताखाली मराठी कुटुंबाची तिन्ही वेळची सोय. घरातले वडीलधारे तिन्ही अंक आणायचे, 'हंस' टेबलावर ठेवायचे आणि 'नवल' घेऊन परसाकडे जायचे.

दुसऱ्या बाजूला अर्नाळकर. जन्म १९०६, मृत्यू १९९६ आणि मधल्या काळात हजाराहून अधिक रहस्यकथा. झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे बिनीचे शिलेदार. हजारावर कथा म्हणजे खून किती, याचा हिशेब कुणी केलेला नाही; पण एकही तपास प्रलंबित नाही, आरोपपत्र मुदतीत, सगळं शे-सव्वाशे पानांत. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा पल्ला ओलांडला. एवढी माणसं कागदावर मारूनही महाराष्ट्राची लोकसंख्या वाढतच राहिली, याचं श्रेय मी प्रेमकथा लिहिणाऱ्यांना देतो.

या कथा आज पुन्हा वाचताना खुनी कोण, याची ओढ राहत नाही. तो चौथ्या पानावरच ओळखू येतो. ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही, जो आल्यागेल्याला प्रेमानं सुपारी कातरून देतो आणि ज्याचं नाव लेखकानं जरा जास्तच सात्त्विक ठेवलंय, तोच. खरी मजा येते ती लेखकाला ज्यात काहीच विशेष वाटत नव्हतं, त्या गोष्टींची. उदाहरणार्थ, ट्रंक कॉल. नायक लोणावळ्याच्या बंगल्यात, समोर प्रेत, आणि खुनी पुण्याच्या दिशेनं निघालाय हे त्याला कळलेलं आहे. तो फोन उचलतो आणि कॉल बुक करतो. पलीकडून बाई विचारतात, "ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग?" लाइटनिंगचा दर ऐकून आमचा नायक क्षणभर प्रेताकडे बघतो. परका माणूस, नात्याचा ना गोत्याचा. "अर्जंट द्या," तो म्हणतो. या काटकसरीपायी पुढची अकरा पानं पाठलाग चालतो आणि पेट्रोलचा खर्च वेगळाच.

रहस्यकथेचा खरा खून मोबाइलनं केला. "कुठे आहेस?" "तळघरात." "बाहेर ये, तिथे ते आहे." संपली गोष्ट. आजच्या लेखकाला पहिल्या पानावर नायकाच्या फोनची बॅटरी उतरवावी लागते, दुसऱ्यावर रेंज घालवावी लागते आणि तिसऱ्यावर चार्जर घरी राहिल्याचं सांगावं लागतं. तेवढ्या जागेत अर्नाळकर दोन प्रेतं उरकायचे.

आणि दारूबंदी! १९४९ च्या कायद्यानं मुंबई इलाखा कोरडा केला आणि पंचाईत झाली ती रहस्यकथा लिहिणाऱ्यांची. खलनायक पिणार नाही तर कोण पिणार? माझ्याजवळच्या एका कथेतला तस्कर गोदीतून सोनं उतरवतो, आपल्या भागीदाराला समुद्रात ढकलतो आणि घरी येऊन पेला भरतो. त्याआधी लेखक घाईघाईनं खुलासा करतो की प्रकृतीच्या कारणास्तव त्याच्याकडे डॉक्टरचा दाखला आणि रीतसर परवाना होता. खून बेकायदा चालतील, पेग नको! नायक अर्थात लिंबाचं सरबत घेतो. खुनाच्या जागी, मध्यरात्री, पावसात, कोण कुठून लिंबं आणतं हे मात्र शेवटपर्यंत रहस्यच राहतं.

कथेइतकीच वाचनीय असते ती तिच्या शेजारची जाहिरात. जुन्या अंकाच्या मांडणीत एक क्रौर्य होतं, जे आजच्या कुठल्याही भयपटाला जमणार नाही. पान १२. बाहेर वारा. खिडकीची कडी हळूच सरकते. आत एक हात येतो. त्या हाताला— उरलेला मजकूर पान १७६ वर. आणि त्याखाली माकडछाप काळी टूथ पावडर. भीतीनं वाजणाऱ्या दातांची एवढी काळजी! पान १७६ शोधत जाताना वाटेत अफगाण स्नो, आवळ्याचं तेल, मुलगा होण्याची हमी आणि 'उद्योजकांनो, वेळीच जागे व्हा' असा लेख. पोचेपर्यंत त्या हाताचं काय होतं ते विसरायला होतं. एका अंकात भयकथेच्या ऐन मध्यावर ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाची जाहिरात आहे. हा योगायोग असेल तर उत्तम, आणि कुणी मुद्दाम लावली असेल तर त्या माणसाला जाहिरातशास्त्राच्या अभ्यासक्रमात लावायला हवं.

पण जुन्या अंकांतलं सर्वांत थरारक लेखन छापील नसतं. ते पेन्सिलीत असतं. फिरत्या वाचनालयांची दिवाळी योजना असायची: एकरकमी वर्गणी भरा आणि शिमग्यापर्यंत हवे तेवढे अंक न्या. एकेक अंक चाळीस-पन्नास घरांतून फिरून यायचा आणि प्रत्येक घर त्यात भर घालायचं. माझ्या हाती लागलेल्या त्या दोन 'नवल'पैकी एक अशा वाचनालयाचा आहे. खाकी कागदाचं कव्हर, कण्यावर सुतळीची जाड शिवण, पहिल्या पानावर जांभळा शिक्का: 'पाने दुमडू नयेत.' दुमडलेली आहेत. 'मजकुरावर खुणा करू नयेत.' आता ऐका.

कथा महाबळेश्वरच्या एका बंगल्यात घडते. रावबहादूर मेलेले, मृत्युपत्र गहाळ, बंगल्यात पुतण्या, डॉक्टर, दूरची आत्या, सेक्रेटरी आणि माळी. कथेच्या तिसऱ्याच पानावर, समासात, सुवाच्य अक्षरात: 'खुनी = माळी.' हे लिहिणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला भरायला हवा. त्याखाली दुसऱ्या अक्षरात: 'आभारी आहे. वेळ वाचला.' त्याखाली निळ्या शाईत: 'नालायक!' आणि त्याखाली, थरथरत्या मोडीवळणाच्या अक्षरात: 'शब्द जपून वापरावेत. हा अंक स्त्रियाही वाचतात.' पुढच्या पानावर एका स्त्रीचंच उत्तर: 'आम्हांला माळी आधीच कळला होता.' 'मलाही.' 'मग वाचता कशाला?' इथून रावबहादुरांच्या खुनात कुणालाच रस उरत नाही. मूळ कथा सतरा पानांची, समासातली मला अधिक आवडली.

त्या समासावरून आणि डागांवरून मी वाचकांचाच तपास करू लागलो. पुतण्या प्रेत पाहतो त्या परिच्छेदावर हळदीचं बोट आहे. म्हणजे ही बाई फोडणी टाकून वाचत होती आणि प्रेत पाहिल्यावर तिनं पान घट्ट धरलं. पुढे दोन पानांवर काही नाही: फोडणी जळली असणार. आत्याच्या जबानीपाशी बसचं तिकीट खुणेला घातलंय. डॉक्टरच्या वर्णनाखाली पेन्सिलीनं रेघ आणि शेजारी फक्त 'अगदी!'. या वाचकाच्या ओळखीत असा एक डॉक्टर असावा. एका ठिकाणी समासात 'सोमवारी उत्तर देते' असं बारीक अक्षरात आहे, ज्याचा खुनाशी काडीचा संबंध नाही. वाचनालयाचा अंक हा त्या काळी निरोपाचा खात्रीचा मार्ग होता, कारण मुलीच्या हातात 'नवल' दिसला की वडील फक्त मुखपृष्ठाकडे बघून नाक मुरडायचे. आत उघडून कोण बघतंय!

या अंकांत भरपूर गोष्टी बाहेरून आलेल्या. काहींच्या खाली प्रामाणिकपणे 'परकीय कल्पनेवरून' असं असायचं, बाकीच्यांच्या खाली नसायचं. पण ओळखू येतात. सदाशिव पेठेत वैशाखात माणूस शेकोटीच्या कोनाड्यापुढे बसून पाइप ओढत असेल तर तो मुळात लंडनचा. घरातला म्हातारा गडी 'आपली आज्ञा' म्हणत मागे मागे चालत दाराबाहेर जात असेल तर तोही. आमच्याकडचा गडी "हो, करतो" म्हणतो आणि करत नाही. रूपांतर करणारे नाव बदलायचे, गाव बदलायचे, पण थंडी बदलायला विसरायचे. धारप मात्र या बाबतीत उस्ताद. स्टीफन किंगचं 'सेलम्स लॉट' त्यांच्या हातून 'लुचाई' होऊन आलं. त्यात कुठे परकी थंडी वाजत नाही, वाजते ती स्वतःचीच.

'आजी'चा प्रवास तर सांगण्यासारखा आहे. किंगची 'ग्रॅमा' ही कथा १९८४ मध्ये 'वीअर्डबुक' नावाच्या एका छोट्या अमेरिकी भयकथा-नियतकालिकात आली. आजारी म्हातारी, घरात एकटा नातू. धारपांनी तिची 'आजी' केली. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात रात्री एका मित्रानं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना एक गोष्ट सांगितली. "ती एक गोष्ट होती ना, त्यात…" अशीच सुरुवात झाली असणार. ती 'आजी' होती. बर्वे यांच्या डोक्यातून ती गेली नाही आणि २०१८ मध्ये तिचा 'तुंबाड' झाला. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. पेंडशांच्या कादंबरीत चित्रपटातला तो हस्तर राक्षस नाही, नुसते खोत आहेत; कोकणात तेवढं पुरतं. चित्रपट पहिल्यांदा लागला तेव्हा बेताचाच चालला. २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. अमेरिकेतल्या नियतकालिकातून निघालेली म्हातारी मराठी अंथरुणातून उठून, जंगलातून चालत हिंदी पडद्यावर पोचली, आणि या सगळ्या वाटेवर तिला पुढे नेलं ते कुणाच्या तरी अर्धवट आठवणीनं. तिचा पत्ता ज्यांच्याकडे असायला हवा होता ते समीक्षक त्या वेळी दुसऱ्या एका आजीची प्रतिमासृष्टी तपासत होते.

या साहित्याला पंगतीत बसवायला किती उशीर झाला याचा दाखला नारळीकरांचा. अहमदाबादला एका परिषदेत कुणाचं तरी कंटाळवाणं व्याख्यान चालू होतं. त्यांनी समोरच्या कागदावर विज्ञानकथा लिहायला घेतली. तो वक्ता कोण हे मला माहीत नाही, पण मराठी विज्ञानकथेनं त्याचा सत्कार करायला हवा होता. 'कृष्णविवर' ही ती कथा १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, तीही 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आद्याक्षरं स्वतःचीच, उलटी करून. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. जगभर ताऱ्यांची गणितं मांडून आलेला माणूस मराठीत गोष्ट पाठवताना हस्ताक्षर लपवतो! रहस्यकथेत ही युक्ती खंडणीच्या चिठ्ठीसाठी वापरतात. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. पुढे २०२१ मध्ये नाशिकला नारळीकर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, या वेळी खऱ्या नावानं.

मी हे सगळं वाचतो तेव्हा घरचे विचारतात, "पण चांगलं असतं का ते?" प्रामाणिक उत्तर: निम्मं नसतं. पोलीस इन्स्पेक्टर मूर्ख असतो, नायिका किंचाळते आणि बेशुद्ध पडते, शुद्धीवर येते, पुन्हा किंचाळते. गुप्त दालनाची कळ दर वेळी पुस्तकांच्या कपाटामागेच असते, आणि मराठी घरात पुस्तकांचं कपाट एवढं वरचेवर कोण हलवतं? आठवणीतली गोष्ट तर छापलेल्या गोष्टीपेक्षा नेहमीच वरचढ निघते. माझ्या मावशीनं लहानपणी सांगितलेली विहिरीची गोष्ट मला तीस-चाळीस पानांची आठवत होती. सापडली तेव्हा अडीच पानांची निघाली. विहीर शेवटच्या परिच्छेदात आहे. बाकी सगळं पाणी मावशीचं. पण उरलेलं निम्मं रात्री अकरानंतर वाचून बघा. धारपांची वाक्यं अगदी साधी, कारकुनी वळणाची: अमुक वाजता उठलो, चूल पेटवली, दार लावलं होतं. आणि मग दार लावलेलं नव्हतं. त्या काळातल्या कपाटवाल्या प्रायोगिक कथा आज समजायला प्रस्तावना लागते. ही समजायला फक्त दिवा मालवावा लागतो.

आता त्या महाबळेश्वरच्या बंगल्याचं. माझ्या अंकात त्या कथेचं शेवटचं पान नाही. फाटलेलं नाही, ब्लेडनं कापलेलं आहे, सरळ रेषेत. म्हणजे कुणीतरी शेवट स्वतःजवळ ठेवून घेतला आणि बाकीची कथा समाजाला परत केली. माळी, माळी असं समासात सगळे ओरडत होते, पण छापील पुरावा नव्हता. मी ज्येष्ठांकडे चौकशी केली. शेजारच्या काकूंना ती कथा लख्ख आठवत होती: खून आत्यानं केला, अंगाऱ्यातून विष घालून. काकांच्या मते खून झालाच नाही, रावबहादूर शेवटी पडद्याआडून टाळ्या वाजवत बाहेर येतात. कट्ट्यावरचे एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "मी वाचली आहे. पुतण्या निर्दोष सुटतो." खुनी कोण, यावर ते काही बोलले नाहीत. सवय.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. या असल्या संस्थांनी जे जपलं ते जपलं. बाकी सगळीकडे मासिकं म्हणजे जागा अडवणारी रद्दी. तरीही एका लांबच्या तालुक्याच्या गावी, दुपारी दोन ते पाच पंखा बंद ठेवणाऱ्या एका जुन्या वाचनालयात, त्याच अंकाची दुसरी प्रत मिळाली. ग्रंथपालांनी ती हातात देताना माझ्याकडे जरा करुणेनं पाहिलं. "एवढ्या लांबून यासाठी आलात? आमच्याकडे खांडेकर आहेत हो सगळे." शेवटचं पान जागेवर होतं. खुनी डॉक्टर. रीतसर कबुली, हातकड्या, धुक्यातून जाणारी पोलिसांची गाडी.

आणि त्याखाली, 'समाप्त'च्या शेजारी, पेन्सिलीनं: 'चूक. खुनी = माळी.'

अक्षर तेच. सुवाच्य, किंचित उजवीकडे झुकलेलं, 'ळ'ला तीच गाठ. हा माणूस एका गावात लिहून थांबलेला नव्हता. बदलीची नोकरी असेल, किंवा नसेलही. मी ती कथा तिथेच बसून पहिल्यापासून पुन्हा वाचून काढली. डॉक्टरची कबुली नीट बघितली तर फारच तयार वाटते. आणि चौथ्या पानावर माळ्याच्या हातात खुरपं आहे. सहाव्या पानावर तो नुसताच उभा आहे. ते खुरपं मधल्या वेळेत कुठे गेलं, हे लेखकानं शेवटपर्यंत कुठेही सांगितलेलं नाही.